काठावरची घागर

मिशनच्या मंडळीच्या यादीत लाजरचं नाव एकतिसावं. नावापुढे माझ्याच अक्षरात तीन नोंदी आहेत : पुरुष, एकटा, पाणक्या. त्यापुढे प्रभुभोजनाचे रकाने सुरू होतात, दर महिन्याला एक. ज्याने भाकर आणि पेला घेतला त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. लाजरच्या नावापुढे आधी वर्षानुवर्षं खुणा आहेत आणि मग सहा वर्षं सगळे रकाने कोरे. जुनी यादी नव्या वहीत उतरवून काढताना मी दर वेळी त्या कोऱ्या रकान्यांपाशी थांबते. ते माझ्यामुळे कोरे राहिले.

मी शिस्तीची बाई आहे. शाळेतल्या पाट्या, बोर्डिंगातल्या चादरी, कंदिलाच्या काचा, विहिरीत टाकायची औषधाची पूड, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे. यादी असली की भांडण होत नाही, असं मी फार वर्षं मानत आले. म्हणून लाजरबद्दल लिहायला बसले तेव्हाही आधी यादीच करायला घेतली : उंची, चाल, बोलणं, सवयी. ती चार ओळींत संपली आणि माणूस तिच्यात कुठेच नव्हता. कागद फाडला. आता आठवेल तसं लिहिते.

आमचं मिशनचं आवार वाशीमहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शाळा, लहानसा दवाखाना, देऊळ म्हणजे आमचं चर्च, राहत्या घरांची एक ओळ आणि या सगळ्यांत मिळून एक विहीर. मी इथे मास्तरीण म्हणून आले तेव्हा बावीस वर्षांची होते. अमरावतीकडून निघालेली, दोन दिवसांच्या प्रवासाने आंबलेली. फाटकाशी कावड खांद्यावर घेतलेला एक उंच माणूस उभा होता. मी माझं नाव सांगायला लागले तर त्याने हात वर केला.

"पानी पेल्या काय, बाई?"

"नाही अजून."

"मंग आधी पानी. नाव मंग सांगजा."

त्याने कावडीतली घागर उतरवली, पत्र्याच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पेला माझ्या हाती देण्याआधी त्याचा काठ धोतराच्या सोग्याने गोल फिरवून पुसला. सोगा काही फार स्वच्छ नव्हता. पुसला नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण तहान होती. प्यायले.

काठ पुसायची ती सवय त्याला कायमची होती. कोणालाही, अगदी तापातल्या पोरालाही, पाणी देताना आधी काठ पुसायचा. डॉक्टरबाईंनी त्यासाठी त्याला उकळलेली फडकी दिली. ती त्याने नीट घडी करून देवळातल्या कोनाड्यात ठेवली आणि सोगाच वापरत राहिला.

त्याचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. हळू बोलणं त्याला जमतच नसे. देवळात सगळे मनातल्या मनात प्रार्थना करत तेव्हा लाजरची मनातली प्रार्थना दवाखान्यापर्यंत ऐकू यायची. "देवा, त्या गाडीवाल्यावर मले लय राग येऊन राह्यला, तू पाह्य." मग गाडीवाला बाहेर जाऊन गाडी बाजूला घ्यायचा.

राग त्याचा खरंच जबर होता. तोंडात शिवी आली की तो ती गिळायचा, आणि गिळताना दिसायची. गळ्याची घाटी वर जायची, क्षणभर थांबायची, खाली यायची. पोरं पैज लावून ती घाटी पाहायची.

नाव त्याला थोरल्या पाळकसाहेबांनी दिलेलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत घरची सगळी माणसं गेली, हा एकटा ओसरीवर पडलेला सापडला. मिशनच्या गाडीतून आणला तेव्हा मेलाच समजून गाडीवाल्याने पाय बांधले होते. तो वाचला, वर्षभराने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, शास्त्रातल्या लाजरसारखा मरणातून उठलेला, याचं नाव लाजर. नाव सगळ्यांना आवडलं. पण मी आल्यावर एका रविवारी शास्त्रातली ती दुसरी गोष्ट वाचली गेली. त्यात एका श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी आहे, त्याचंही नाव लाजर. मेल्यावर तो श्रीमंत आगीत पडतो आणि वर पाहून म्हणतो, त्या लाजरला पाठवा, बोटाच्या टोकाने माझ्या जिभेला पाणी लावू दे. उपासना संपल्यावर लाजर पाळकसाहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, नाव चुकलं जी. मी लाजर नाही. मी तो दुसरा."

"कोण दुसरा?"

"आगीतून पानी मांगणारा. त्याचं नाव काय?"

"त्याचं नाव शास्त्रात नाही रे."

"मंग बिना नावाचंच राहू द्या लागत होतं मले," असं म्हणून तो कावड घेऊन गेला. मला तेव्हा तो विनोद वाटला. हसले असेन.

त्याचा दिवस सूर्याबरोबर सुरू व्हायचा. आधी दवाखान्याचे रांजण, मग बोर्डिंग, मग शाळा, मग ओळीतली घरं, एकेक करून. सगळं भरून झालं की तो आणखी एक घागर ओढायचा, विहिरीच्या काठावर पूर्वेच्या अंगाला ठेवायचा आणि मागे न बघता निघून जायचा. थोड्या वेळाने शलोमी यायची. शलोमी दवाखान्यातली आया. वाळलेली, ताठ, मोजकं बोलणारी बाई. ती ती भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलायची, बाजूच्या चरात उपडी करायची, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरायची. मग आपली दोरी, आपली बादली विहिरीत सोडून आपलं पाणी आपण ओढायची.

रोज असंच चाले, एका दिवसाचाही खाडा नसे.

पहिल्याच आठवड्यात मी माझ्या वहीत लिहिलं : पाण्याची नासाडी, रोज एक घागर. आणि शलोमीला विचारायला गेले.

"बाई," ती म्हणाली, "तुमी शाळा पाहा."

लाजरला सांगितलं तर तो माझीच समजूत घालायला लागला. "राहू द्या बाई, तिले ओतू द्या. सांडलं म्हणून पानी कुठी जाते? झाड पेते."

खरंच तिथे एक झाड होतं. चराच्या तोंडाशी कागदी लिंबाचं रोप कोणी न लावता आलं होतं आणि त्या ओतलेल्या पाण्यावर वाढत होतं. पुढे त्याला इतकी लिंबं लागायची की आम्ही सगळ्या घरांनी लोणची घातली. फक्त शलोमीच्या घरात ते लिंबू कधी गेलं नाही. आणि लाजरनेही ते कधी तोंडाला लावलं नाही.

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात पाणपोई घालायची कल्पना त्याचीच. उन्हाळ्याचे दोन महिने. मी रांजण, पेले, गवताचं छप्पर अशी यादी करून दिली. त्याने बाभळीखाली सगळं मांडलं आणि पहाटेपासून पाणी वाहून रांजण भरले. पहिल्या बाजारी मी सामान तपासायला म्हणून गेले होते. दुपारपर्यंत दोन म्हाताऱ्या आणि एक फकीर एवढेच प्यायले. बाकीचे पाहून पुढे जात. मिशनवाल्याचं पाणी, कोणाकोणाचा हात लागलेलं.

मग त्याच्या जुन्या गावचा, कारंज्याकडचा, पाटलाचा पुतण्या चारपाच जणांना घेऊन आला. लाजर हा मुळात त्यांच्याच भावकीतला, कुणब्याचा पोरगा, पाटलाच्या वाड्यावरचा विश्वासाचा माणूस. त्याचं आधीचं नाव किसन.

"काय गा किसन, आता कोणाचं पानी भरून राह्यला?"

"तुमचंच. पेता काय?"

"तुया हातचं? पह्यले तर तू वरून ओतत होता, आता खालून देतं काय?" बरोबरचे हसले.

"वरून ओतलेलं पानी लय उंचावरून पडते बापू, लागते," लाजर म्हणाला. "हे हातात घ्या. काठ पुसून देतो."

पुतण्याने पेला घेतला, त्यात थुंकला आणि रांजणावर ठेवून दिला. लाजरचा हात कावडीच्या दांडीवर गेला. दांडी हातभर वर उचलली गेली. मी उठून उभी राहिले. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली, किती तरी वेळ. मग ती खाली आली, दांडीही खाली आली. त्याने पेला उचलला, माती लावून घासला, तीनदा विसळला आणि पुन्हा भरून पुढे धरला.

"ऊन लय हाय बापू. जिद्द घरी जाऊन करजा."

तो प्यायला नाही. पण त्याच्या मागचा एक माणूस चार पावलं गेल्यावर परत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि ओंजळ पुढे केली. परतताना गाडीत मी लाजरला म्हणाले, "तुमच्यात फार मोठा पालट झाला, लाजरभाऊ." मी मनापासून बोलले होते.

त्याने बैलांना हाकारलं. "पालट कायचा, बाई. मन अजून तसंच हाय. सकाळी उठलो का पह्यले शिवीच येते. त्याच्या नरडीवर पाय द्यावा असं आत्ताबी वाटून राह्यलं. मी फक्त हाताले काम लावून देल्लं. रिकामा हात लय वाईट."

देवळात प्रभुभोजन महिन्यातून एकदा. द्राक्षरसाचा पेला एकच, चांदीचा, दोन कानांचा. त्या एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं, हेच तर आमच्याकडे मोठं होतं. बाहेर ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत अशी माणसं आणि त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांतून आलेली माणसं एका काठाला ओठ लावत. रांगेला क्रम नसायचा. ज्याला वाटेल तो उठे. लाजर मात्र नेहमी शेवटी. पुरुष संपले, बाया संपल्या, म्हाताऱ्या काठी टेकत जाऊन आल्या, की तो उठायचा. मला वाटायचं, नम्रपणा आहे. वहीत मी तसं लिहिलंही होतं.

थोरले पाळकसाहेब गेल्यावर नवे पाळक आले. तरुण, हुशार, घाईचे. तोवर मंडळी वाढली होती. रांगेत धक्काबुक्की होई, पोरं पायात येत, एका ख्रिसमसला पेला हिंदकळून फरशीवर सांडला. नवे पाळक मला म्हणाले, "बाई, याला काही व्यवस्था लावा." व्यवस्था लावायची म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी यादी तयार केली. आधी पुरुष, बाप्तिस्म्याच्या क्रमाने. मग बाया, त्याच क्रमाने. मी नाव वाचायचं, माणसाने उठायचं, मी खूण करायची. सुटसुटीत.

ईस्टरचा दिवस होता. देऊळ भरलेलं. मी एकेक नाव वाचत होते आणि रांग अशी सरळ चालली होती की मला मनातून समाधान वाटत होतं. "लाजर," मी वाचलं. तो उठला नाही. मी पुन्हा वाचलं. त्याने मान हलवली. नव्या पाळकांना वाटलं, लाजतो आहे. ते पेला घेऊन त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पेला त्याच्या ओठांना लावला. भरलेल्या देवळात पाळकाचा हात कसा बाजूला सारणार? तो प्यायला. त्याने सोगा हातात घेतला, काठ पुसायला, पण पेला पुढे गेला होता.

मग बाया. शलोमी बायांत पहिली, तिचा बाप्तिस्मा सगळ्यांत जुना. मी तिचं नाव वाचलं आणि घाईत खूणही करून टाकली. ती वेदीपर्यंत गेली. पेला समोर आला. तिने पेल्याच्या काठाकडे पाहिलं. मग पदर तोंडावर धरला, वळली आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेली. मला ती केलेली खूण खोडावी लागली. त्या वहीत ती एकच खोडलेली खूण आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लाजर ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही.

"बाई, मायं नाव काढा त्या यादीतून."

"नाव असं काढता येत नाही. काही पाप घडलं तरच."

"पाप हाये ना. थेच सांगाले आलो."

मग त्याने सांगितलं. त्याच्या गावात विहीर एकच. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी तिच्या काठाला शिवायचं नाही. त्यांनी खाली घागरी मांडून उभं राहायचं आणि वरच्यांपैकी कोणी ओढून वरून ओतलं तरच पाणी. ओतायचं काम पाटलाने किसनला दिलेलं. त्या उन्हाळ्यात गावात पटकी आली होती, आणि वस्तीत मिशनचा एक उपदेशक येऊन बसायला लागला होता.

"पाटलानं काई सांगलं नव्हतं, बाई. थे मायंच डोकं. मी काठी आडवी धरून बसलो. म्हटलं, ज्या देवाचं गानं म्हनता त्यालेच पानी मांगा. बाकीच्या बाया नाल्याकडं गेल्या. एक राह्यली. सखू. तिचं लेकरू घरात पडलं होतं. पाच वर्षाचं असंल. तीनदा मांगलं तिनं. पह्यल्यांदा हात जोडून. मंग जमिनीले डोकं लावून. तिसऱ्यांदा काई बोललीच नाही, नुसती पाहत राह्यली. माह्यामांगं बादली भरून ठेवेल होती, बाई. हात लांबवला असता तरी झालं असतं."

सखू शेवटी नाल्यात गेली, वाळू उकरून झिऱ्यातून घागर भरून आणली. तोवर पोर गेलं होतं. ती तशीच ती घागर घेऊन विहिरीवर आली. किसन अजून बसलेलाच होता. तिने त्याच्या पायाशी घागर उपडी केली. "आता कोनाले पाजू?" एवढंच म्हणाली. ती वस्ती सोडून मिशनच्या आवारात आली आणि शलोमी झाली.

दोन वर्षांनी मानमोडीत याला गाडीतून आणला, तो तिच्याच हाताखाली. तीन दिवस तिने याला चमच्याने पाणी पाजलं.

"दुसऱ्या दिवशी मले सुद आली. म्हटलं, बाई, तू मले वळखतं काय? तिनं म्हटलं, वळखते, तोंड उघडा. त्या तीन दिवसांत मरून जावं असं मले जितकं वाटलं, तितकं मंग कधी वाटलं नाही. जो देव तिच्याकडून हे करून घेते, त्याच्या दारात पडून राहावं, एवढंच आलं डोक्यात." त्याने सोग्याने तोंड पुसलं. "तिनं पेल्यावर मंग मी पेत होतो, बाई. माह्या उष्ट्यातलं तिले पेवं लागू नाही म्हणून. तिचं तेवढंच राह्यलं होतं, तेबी मी घेतलं."

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तुमी तर यादी केली," तो म्हणाला. कौतुकाने नाही, रागानेही नाही.

मी शलोमीकडे गेले. क्षमा मागितली. पुढच्या महिन्यापासून जुनी पद्धत, लाजर शेवटी, असं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती.

"आता कायले? आता मले त्या पेल्याचा काठ दिसते."

"पण तुम्ही त्यांना स्वतःच्या हाताने पाणी पाजलं होतं, शलोमीबाई. तीन दिवस."

"पानी पाजनं मायं काम होतं. कुत्रं असतं तरी पाजलं असतं," ती म्हणाली. "संग पेनं काम नाही. थे मनातून यावं लागते. नाही येत. माफ केलं म्हणून सांगू का तुमाले? देवाच्या घरात लबाडी करू?"

ती पुन्हा वेदीपाशी गेली नाही. लाजरही नाही. "तिले पोचू द्या आधी," एवढंच तो म्हणायचा. उपासनेला दोघंही येत, दोन टोकांना बसत. पेला निघाला की लाजर उठून विहिरीवर जायचा. माझ्या वहीत दोन ओळी कोऱ्या राहू लागल्या. बाकी सगळं होतं तसं चालू होतं. सकाळी काठावर घागर, घागर चरात, लिंबाला लिंबं.

नव्या पाळकांनी दोघांना समोरासमोर बसवायचा एकदा प्रयत्न केला. लाजर दाराबाहेरच उभा राहिला. शलोमी म्हणाली, "साहेब, हे कापसाच्या भावाचं भांडण नाही." पाळकांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

सहाव्या वर्षी लाजरला घास उतरेना. आधी भाकरी, मग भाताची पेज, मग पाणीही अडू लागलं. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, अन्ननलिकेत गाठ आहे, उपाय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घशाची काळजी केलेल्या माणसाच्या नशिबी हे यावं, याचा मला राग आला आणि तो कोणावर धरावा ते कळेना. लाजर आणखी महिनाभर कावड ओढत राहिला. घोटभर पाणी उतरायला त्याला पाव तास लागे, आणि तोवर दोन रांजण भरून होत. मग एक दिवस तो विहिरीच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. दवाखान्याच्या ओसरीवर त्याची खाट टाकली. तिथे रात्रपाळीची दुसरी आया होती. शलोमीला तिथे नेमायचं नाही एवढी अक्कल मला आली होती.

पाळक पेला घेऊन खाटेजवळ गेले. लाजरने डोळे उघडले. "शलोमीबाईनं घेतलं काय?" आवाज आता अगदी लहान झाला होता.

"नाही."

"मंग राहू द्या जी."

त्या आठवड्यात मी आणखी एक चूक केली. पाणी भरायला दुसरा माणूस ठेवला आणि त्याला कामांची यादी दिली. यादीत शेवटचं काम लिहिलं : विहिरीच्या पूर्वेच्या काठावर एक भरलेली घागर ठेवणे. मला वाटलं, निदान हे तरी खंडू नये. सकाळी मी औषधाची पूड टाकायला विहिरीवर होते तेव्हा शलोमी आली. घागरीकडे पाहून थांबली.

"हे कोनं ठेवली?"

"मी ठेवायला सांगितली."

"मंग हे त्याची नाही." तिने ती उचलली आणि बाजूला सरकवली, ओतली नाही. मग चराकडे वळली. चर चार दिवसांत वाळून भेगाळला होता.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "सकाळी येते अन् हाताले काई कामच नसते. कसं तरी लागते." न बोलणं मला उशिरा जमलं. तिने विचारलं, "पानी उतरते काय त्याच्या घशातून?"

"थेंबभर."

तिने आपली दोरी सोडली, बादली ओढली, तिच्यातून पितळी लोटा भरून घेतला आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागली. मी मागे गेले. ओसरीच्या खांबापाशी थांबले.

लाजर कुशीवर होता. अंगावरची चादर बारा नंबरची, कोपऱ्यात माझ्याच हातची खूण. शलोमी खाटेशी उभी राहिली. त्याने तिला पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. "पडून राहा," ती म्हणाली. तिने लोटा तोंडाला लावला आणि त्याच्यासमोर अर्धा प्यायली. मग खाली बसून लोटा त्याच्यापुढे केला.

"तुमी आधी घेतलं?" त्याने विचारलं.

"घेतलं. तोंड उघडा."

पहिला घोट हनुवटीवरून उशीवर गेला. दुसराही. तिसऱ्याला त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, थांबली. ती हलली नाही, लोटा तसाच धरून बसली. घाटी खाली आली. एवढंच उतरलं. मग त्याने हात बाहेर काढला, चादरीचं टोक चिमटीत धरलं आणि लोट्याचा काठ पुसायला लागला. टोक काठावरून सारखं घसरत होतं.

"असू द्या," शलोमी म्हणाली आणि लोटा त्याच्या हातातून काढून घेतला.

तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. तिने लोट्यात पाहिलं. बाहेरच्या अंगणाकडे पाहिलं. मग त्याने जिथे ओठ लावले होते, पुसायचं राहून गेलं होतं, त्याच बाजूने ते पाणी ती प्यायली, आणि लोटा घेऊन निघून गेली.

लाजरने ते पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि चादरीचं टोक अजून त्याच्या चिमटीत होतं.